पाच पात्यांची पवनचक्की

पवनचक्कीला पाती तीन असतात. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. येरमाळ्याच्या पुढं माळावर चढलं की त्या दोन्ही अंगांना उभ्याच आहेत. एसटीच्या खिडकीतून पोरं त्या मोजतात आणि म्हातारी माणसं त्यांच्याकडं बघून वाऱ्याचा अंदाज सांगतात. त्यामुळं माझ्या दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर पसरलेल्या चार फुटी प्रिंटमध्ये, उजव्या कोपऱ्यातल्या पवनचक्कीला पाच पाती दिसली तेव्हा मला आधी चष्म्याचा संशय आला. चष्मा पुसला. पाचच. तीन ठळक आणि दोन फिकी, पुसलेल्या पाटीवर आधीचं अक्षर राहावं तशी. मग प्रिंटरचा संशय आला. शाई फाकली असेल म्हणून फाइल उघडली आणि स्क्रीनवर मोठी करून बघितली. तिथंही पाच.

चष्म्याचा संशय आला, प्रिंटरचा आला, ज्यांचा तो फोटो होता त्या सरांचा काही आला नाही. इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारी ट्रायपॉड लावून उभा राहिलो, त्याची ही कमाई.

माझा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नं, बारशी, आणि भिंतीवरचे फोटो. भिंतीवरचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर हार घालून लावतात तो. लोक कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात आणि म्हणतात, "ह्यातले आमचे दादा तेवढे काढून द्या." मी दादांचं डोकं अलगद काढतो, शेजारच्याचा खांद्यावरचा हात पुसतो, मागं निळा रंग टाकतो. पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती माझ्या हाताखालून गेल्यात म्हटलं तरी चालेल. हे माझं पोटापाण्याचं काम. रविवार मात्र माझा. त्या दिवशी कॅमेरा घेऊन डोंगर, तळी, किल्ले, माळ. ही गोडी मला सरांनी लावली.

सर मला शाळेत चित्रकला शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर धाराशिवला राहायला गेले आणि त्यांनी ब्रश ठेवून कॅमेरा धरला. त्यांच्याभोवती आमचा दहा-बारा जणांचा कंपू जमला. त्यात दोन मास्तर होते, एक मेडिकलवाले, एक एसटीचे ड्रायव्हर, मी. दर रविवारी पहाटे कुणाच्या तरी गाडीत दाटीवाटीनं बसून निघायचं. सरांचा नियम एकच, आणि तो त्यांनी आमच्या अंगात भिनवला होता: एका दृश्याला एक क्लिक. दाबायच्या आधी पाहिजे तेवढा विचार करा, दाबल्यावर संपलं. आणि सगळ्यांचं दाबून झालं की थर्मासमधला चहा ओतायचा आणि प्रत्येकानं आपला कॅमेरा उलटा करून जागेवर दाखवायचं. घरी नेऊन, रंगवून मग दाखवलेलं चालायचं नाही. "घरी गेल्यावर सगळेच देव असतात," सर म्हणायचे, "माणूस कोण ते इथं कळतं."

खुद्द सरांचा कॅमेरा मात्र एका क्लिकला तीनदा वाजायचा. खट, खट, खट. सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं. सर हसून म्हणाले, "शटर म्हातारं झालंय रे माझ्यासारखंच. दोनदा अडकतं तेव्हा तिसऱ्यांदा लागतं." आम्हीही हसलो. मग सर कॅमेरा उलटा करून एक फोटो दाखवायचे, एकच, आणि तो इतका चांगला असायचा की शटरची कीवच यायची.

आता ज्याला फोटोतलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो, भांडण नेमकं कशाचं होतं. दुपारी घराच्या उंबऱ्यात उभं राहा. बाहेरचं रणरणतं अंगण दिसतं आणि मान वळवली की आतल्या अंधाऱ्या कोनाड्यातला पितळी डबाही दिसतो. डोळा दोन्ही सांभाळतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. अंगण धरलं तर कोनाडा काळा, कोनाडा धरला तर अंगण पांढरंफटक. डोंगरामागून सूर्य येतो तेव्हा हाच घोळ होतो, आभाळ सांभाळलं की जमीन बुडते. त्याला उपाय म्हणजे एचडीआर. कॅमेरा हलू न देता तेच दृश्य तीनदा टिपायचं, एक काळपट, एक बेताचं, एक फटफटीत. मग कॉम्प्युटरवर काळपटातलं आभाळ, फटफटीतातली जमीन असं एकजीव करायचं. नीट केलं तर डोळ्याला दिसलं होतं तसंच दिसतं. नीट नाही केलं तर कडब्याच्या गंजीला सोन्याचा मुलामा चढतो, आभाळ जांभळं होतं आणि झाडांच्या कडेनं पांढरी रेघ उमटते.

माझी सुरुवात या दुसऱ्या जातीचीच. लग्नाआधीच्या जोडप्यांचे फोटो मी असेच भडक करून द्यायचो आणि जोडपी खूश व्हायची. तसलाच एक तळ्याचा फोटो मी सरांना हौसेनं दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "तेरखेड्याची आतषबाजी सुरेख टिपलीस. तळं कुठंय?" तेरखेडं म्हणजे आमच्याकडचं फटाक्यांचं गाव. सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. त्या दिवसापासून मी एका क्लिकचा झालो.

बाकीचे मार्ग सरांनी आमच्यासाठी गाळून ठेवले होते. उजेडाची वाट बघायची, हे चालायचं. अर्धी काळी, अर्धी पारदर्शक काच भिंगापुढं सरकवून आभाळ तेवढं दाबायचं, हेही चालायचं, कारण ते जागेवर होतं. रॉ फाइल चालायची नाही. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं गोळा केलेलं कच्चं पीठ आणि जेपेग म्हणजे भाजून हातात दिलेली भाकरी. रॉमधून अंधारातलं बरंच काही मागाहून बाहेर काढता येतं, भाकरीचं मात्र परत पीठ होत नाही. सर म्हणायचे, "ज्याला भाकरी जमत नाही त्यानं पिठाची पिशवी घेऊन हिंडावं." झालं. मी रविवारचा कॅमेरा जेपेगवर लावला तो लावलाच. ड्रायव्हरसाहेब तेवढे ऐकायचे नाहीत. ते उघडपणे तीन फोटो जोडायचे आणि म्हणायचे, "सर, डोळ्याला दिसलं तेवढंच केलंय, वरचं काय न्हाय." एका सोमवारी सरांनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांच्या बाजूनं कुणी तोंड उघडलं नाही.

आता माझे वडील. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. आमचं रान येरमाळ्याजवळ, तिथून पूर्वेला येडाईचा डोंगर दिसतो. आण्णा एका बाजाराच्या दिवशी स्टुडिओत आले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, भिंतीवर सुकायला लावलेले मेलेल्या माणसांचे फोटो निरखून बघत राहिले.

"माझा बी एक काढून ठेव," ते म्हणाले.

"कशाला?"

"भितीवर लावायला. मागनं लोकाच्या लग्नातलं मुंडकं कापून लावशील, त्यापरीस आत्ताच काढ."

मी चिडलो. असलं अभद्र बोलू नका म्हणालो. खरं तर आमच्याकडं म्हातारी माणसं असा फोटो काढून ठेवतातच, तेव्हा त्यात अभद्र काही नव्हतं. पण बाप आपला असला की वाटतं. आण्णांनी माझं चिडणं बाजूला सारलं.

"हितं न्हाय पर. तुझ्या निळ्या पडद्याम्होरं न्हाय. रानात काढ. मागं येडाईचा डोंगर दिसला पायजे आन् तोंड बी दिसलं पायजे. दोनी."

दोनी. म्हणजे ज्या प्रश्नावर आमचा कंपू वर्षानुवर्षं चहा पीत होता तो प्रश्न आण्णांनी एका शब्दात पुढ्यात टाकला. मला त्याची गंमत वाटली आणि पुढच्या रविवारी मी ती सरांना सांगितली. सरांचे डोळे लकाकले. "मी येतो. असा विषय सोडायचा नसतो."

मी सुचवलं होतं, संध्याकाळी जाऊ. ऊन समोरून येईल, डोंगरावरही पडेल आणि तोंडावरही. प्रश्नच मिटतो. सर म्हणाले, "तो अल्बमचा उजेड. नवरा-नवरी उभे करायचेत का तुला?" मी म्हटलं, मग सकाळी छोटा फ्लॅश टाकू, नाहीतर थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून तोंडावर उजेड पाडू, लग्नात धरतो तसा. "रानात थर्माकोल?" एवढंच ते म्हणाले. थर्माकोल दुकानातच राहिला.

हरभरा निघून नांगरट झालेली होती. काळी ढेकळं, त्यांच्यावर पहाटेचा गारवा. आण्णा धुतलेलं धोतर आणि निळीची कडक टोपी घालून आले होते. ढेकळांत पाय रोवून उभे राहिले. त्यांच्या मागं डोंगर, डोंगराच्या उजव्या अंगाला लांब माळावर पवनचक्क्या, आणि सूर्य आता येईल मग येईल असा. सरांनी माझ्या शेजारी, दोन हातांवर ट्रायपॉड लावला.

मी अर्धी काळी काच सरकवून बघितली. पण आण्णा उंच, त्यांचं डोकं डोंगराच्या वर आभाळात निघत होतं. काच खाली घेतली की आभाळाबरोबर त्यांचं तोंडही झाकोळायचं. काच काढून ठेवली.

"सर, तोंड बुडतंय," मी हळूच म्हणालो.

"बुडू दे. आभाळ सांभाळ. आकार बघ, आकार."

"दम धरू का रं?" आण्णांनी लांबून विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी छाती फुगवून दम धरलासुद्धा.

मी दाबलं. एक. शेजारून आवाज आला, खट, खट, खट.

"गुरुजीचं तीनदा का वाजलं?" आण्णांनी दम सोडत विचारलं.

"म्हातारं झालंय आण्णा," सर म्हणाले.

"आपल्यासारखंच म्हना की," आण्णा म्हणाले, आणि दोघं म्हातारे मनापासून हसले. ते हसणं माझ्या कानात अजून आहे आणि त्यातल्या एकाच्या हसण्याचा मला आता संताप येतो.

मग जागेवर दाखवायचा नियम. आण्णांनी माझ्या कॅमेऱ्यावर हाताची सावली धरून बघितलं. "आभाळ झ्याक आलंय. पर ह्यो काळाच दिसतोय की. तोंड कुठाय माझं?"

मी उत्तर देण्याआधी सर बोलले. "आण्णा, तोंड सगळ्यांनाच असतं. तुमचं हे उभं राहणं बघा. मातीतून उगवल्यासारखं." आण्णांनी सरांकडं बघितलं. मास्तरांपुढं आमची पिढी बोलत नाही, तिथं त्यांची पिढी काय बोलणार? "गुरुजी म्हनतेत म्हंजे आसंल," म्हणाले. बांधापर्यंत आल्यावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "सवडीनं एकदा सांजचा बी काढ रं. साधा."

सवड. लग्नसराई सुरू झाली आणि मी मांडवामांडवांतून लोकांचे आई-बाप टिपत हिंडलो. लग्नसराई संपली आणि पेरणीच्या धांदलीत आण्णांच्या छातीत कळ आली. बार्शीला नेत होतो, वाटेतच गेले.

तेराव्याला भिंतीवर फोटो लागतो. आख्ख्या गावाच्या भिंती ज्यानं भरल्या त्याच्या घरची भिंत मोकळी. मी एका लग्नातून आण्णांचं डोकं काढलं, शेजारच्याचा हात पुसला, मागं डोंगर चिकटवला. काम सफाईचं होतं. आईनं ते हातात घेतलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"कुनाच्या मांडवातलं हाय हे? त्यांनी सोताहून काढून घेतलेला कुठाय?"

मी तो काळा फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि आण्णांच्या तोंडावरचा उजेड वाढवत नेला. जेपेग. भाजून झालेली भाकरी. तोंडाच्या जागी लाल-हिरवी रवाळ कचकच आली, नाक नाही, डोळे नाहीत. जे कॅमेऱ्यात गेलंच नव्हतं ते येणार कुठून? तरी मी ते किती वेळा केलं ते विचारू नका. सर भेटायला आले तेव्हा त्यांनी मोकळी भिंत बघितली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तो आपला सकाळचाच लाव. त्यासारखा दुसरा नाही." तो लावला.

त्यानंतर काही महिन्यांनी सरांचं प्रदर्शन ठरलं. धाराशिवला एक हॉल घेतला होता, नाव ठेवलं होतं 'एक क्लिक'. प्रिंट मी काढायचे, हे सांगायचीही गरज नव्हती. सरांनी पेन ड्राइव्ह पाठवून दिला. त्यातला एक फोटो उघडला आणि माझे हात थांबले. आमचं रान. आमचा डोंगर. मध्ये आण्णा. सरांनीही तेव्हा टिपला होता हे मला माहीत होतं, पण आजवर मी त्यांच्या कॅमेऱ्यामागं तो ओझरताच बघितला होता. तो प्रिंट मी स्वतः कापायला घेतला आणि कोपऱ्यात मला ती पाच पात्यांची पवनचक्की दिसली.

एका क्लिकमध्ये पवनचक्कीला पाच पाती येत नाहीत. तीन फोटो जोडले आणि मधल्या वेळात पाती सरकली, तर येतात. पहिल्या फोटोतली तीन, दुसऱ्यातली दोन, सहावं मागच्या काळ्या डोंगरात जिरलेलं; तिसरा फोटो त्या कोपऱ्यात वापरलाच नसणार. खट, खट, खट. शटरला काहीही झालेलं नव्हतं.

मग मी सबंध फोटो नव्यानं बघितला. आभाळ तर होतंच, पण खालची नांगरट! ढेकूळ न ढेकूळ दिसत होतं, ढेकळांतली हरभऱ्याची वाळकी मुळं दिसत होती, आण्णांच्या पायाशी त्यांची चप्पल कुठं दबली तेही. आणि त्या सगळ्या उजेडात आण्णा तेवढे काळे ठार. जमिनीवर एवढा उजेड आणि तिच्यावर उभ्या माणसावर काहीच नाही, असं कुठल्या सूर्यानं केलं? सरांनी माती उजळ फोटोतून घेतली होती आणि आण्णा मुद्दाम काळपट फोटोतून. जोडकाम घाईचं झालं असावं, कारण आण्णांच्या अंगाभोवती बारीक पांढरी कड उमटली होती, देवाच्या तसबिरीत असते तशी.

खोटं नाही सांगत, मला राग आला नाही. आधी आनंद झाला, अंगावर काटा येईल इतका. कारण माती ज्या उजळ फोटोतून आली, त्या फोटोत आण्णांचं तोंड असणार! नाक, डोळे, दम धरून फुगलेले गाल, सगळं. मागचं आभाळ पांढरं झालं असेल तर होऊ दे. ते आभाळ माझ्याकडं होतं. सरांच्या फोटोतलं तोंड आणि माझ्या फोटोतलं आभाळ, दोन्ही जोडून आण्णांनी मागितलं होतं ते 'दोनी' मला आईपुढं ठेवता येणार होतं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि गाडीला किक मारून धाराशिव गाठलं.

सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी प्रिंट उलगडून त्यांच्यापुढं धरला आणि पवनचक्कीवर बोट ठेवलं. ते बघत राहिले. मी घाईघाईनं म्हणालो, "सर, मला भांडायचं नाही. कुणाला सांगायचंही नाही. तुमचा एक क्लिक तुम्हाला लखलाभ. मला तो उजळ फोटो तेवढा द्या. त्यात आण्णांचं तोंड आहे."

"तसा फोटो नसतो माझ्याकडं," सर म्हणाले.

"सर, तीनदा वाजलं होतं. आण्णांनी विचारलंसुद्धा."

"शटर अडकतं माझं. तुला माहीत आहे."

या माणसानं मला आठवीत आंब्याचं पान काढायला शिकवलं होतं, बोट धरून. मी अक्षरशः हात जोडले. म्हणालो, आईला तोंड बघायचंय, बाकी मला काही नको. सरांनी पेपरची घडी घातली, परत उघडली, परत घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं मला वाटलं, आणि म्हणूनच मला वाटलं की आता उठतील, आतल्या खोलीत जातील आणि फोटो काढून देतील.

ते म्हणाले, "आणि हे बघ, ती दोन पाती तेवढी पुसून टाक. तुला येतं ते."

मला ते येतं. माझा धंदाच तो आहे, नको असलेला हात पुसायचा. म्हणजे फोटो नव्हता, पण पाती होती. सरांना मला आण्णांचं तोंड द्यायचं नव्हतं आणि माझ्याच हातून त्याचा पुरावा पुसून घ्यायचा होता. मी प्रिंटची गुंडाळी केली आणि नमस्कार न करता निघालो. आयुष्यात पहिल्यांदा.

पाती मी पुसली नाहीत. प्रिंट तसाच फ्रेम करून हॉलवर पाठवला, 'एक क्लिक' या पाटीखाली चार फुटांत पाच पाती. म्हटलं, बघू. सगळा जिल्हा पवनचक्क्यांखालून ये-जा करतो, कुणीतरी मोजेल. उद्घाटनाला गर्दी झाली. लोक त्या फोटोपुढं थांबत होते, मान डोलावत होते, मोबाइलवर फोटोचा फोटो काढत होते. कुणी मोजलं नाही. आणि सर भाषणात म्हणाले, "माझ्या एका विद्यार्थ्यानं तर स्वतःच्या वडिलांचा शेवटचा फोटो एका क्लिकमध्ये काढला. ही निष्ठा!" टाळ्या पडल्या. लोक वळून माझ्याकडं बघायला लागले. माझी निष्ठा माझ्याच थोबाडीत मारावी तशी वाजली.

आईला मी आणलं नव्हतं, ती भावकीतल्या कुणाच्या गाडीतून आपणहून आली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आण्णांचा मोठा फोटो लागलाय. ती फोटोपुढं गेली, पदर सावरला, जवळ गेली, आणखी जवळ गेली. मग तिनं सरांना शोधून काढलं. सगळ्यांसमोर, हळू आवाजात तिनं विचारलं,

"गुरुजी, तुमी बी तवा रानात हुता म्हनं. ढेकळं लई निर्मळ आलीत तुमची. ह्यांचं तोंड दिसतंय आसा न्हाय का एखादा तुमच्याकडं?"

मी सरांच्या मागं तीन पावलांवर होतो. आता तरी, मला वाटलं. माझ्यासाठी नको, हिच्यासाठी.

सरांनी हात जोडले. "नाही हो, माई. एकच काढला होता."

आईनंही हात जोडले. गुरुजी म्हनतेत म्हंजे आसंल, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी ओरडायला हवं होतं का? लोक मला विचारतील. त्या घटकेला मी तोंड उघडलं असतं तर आईला एवढंच कळलं असतं की नवऱ्याचं तोंड जगात कुठंतरी आहे आणि ते तिला मिळणार नाही. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि रसवंतीवर बसवलं. तो राग मी गिळला, आणि तो पचलेला नाही.

रविवार माझा अजून आहे. एकटा जातो, कधी ड्रायव्हरसाहेबांना फोन करतो, ते येतात. त्यांनी जुनं काही काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. माझा कॅमेरा आता तीनदा वाजतो आणि कुणी विचारलं तर तीनदा वाजला म्हणून सांगतो. सरांचे फोटो वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

भिंतीवर तोच आहे, माझा, काळा. आई रोज अंघोळ करून गंधाचं बोट घेऊन त्याच्यापुढं उभी राहते. कपाळ दिसत नाही, म्हणून टोपीच्या कडेपासून अंदाजानं बोट खाली आणते आणि टेकवते. कधी गंध टोपीवर लागतो, कधी डोळ्याच्या जागी. "बघ रं बाळा, बसला का कपाळावर?" ती मला विचारते. मी दारातूनच बघतो आणि सांगतो, बसला.